तुम्ही विचारलंत म्हणून: डिफॉल्ट मेथडवर इंजेक्ट लावावं का?

जावाच्या इंटरफेसमधल्या डिफॉल्ट मेथडवर, म्हणजे बॉडीसकट लिहिलेल्या मेथडवर, इंजेक्ट ॲनोटेशन (लागणारी वस्तू म्हणजे डिपेंडन्सी फ्रेमवर्कने आणून द्यावी, अशी खूण) लावलं तर फ्रेमवर्क ती मेथड कॉल करतं का, असं मला बरेचदा विचारलं जातं. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं, की दहा क्लासमध्ये तोच सेटर, म्हणजे वस्तू घेऊन ठेवणारी मेथड, पुन्हा लिहायला लागू नये.

कॉल करतं की नाही, हे फ्रेमवर्कवर आहे. स्प्रिंग एखाद्या क्लासच्या मेथड शोधताना त्याच्या इंटरफेसमधल्या डिफॉल्ट मेथडही तपासतं, 4.2 आवृत्तीपासून तर बीन मेथडही (स्प्रिंगने सांभाळायच्या वस्तू बनवणाऱ्या) तिथे लिहिता येतात. गुगलचं ज्यूस (Guice) हे फ्रेमवर्क मात्र फक्त सुपरक्लासच्या साखळीने वर जातं, इंटरफेसकडे बघतच नाही. एरर येत नाही, मेथड नुसती कॉल होत नाही. दोष कुणाचाच नाही. इंजेक्टचं प्रमाण (स्टँडर्ड), जेएसआर 330, 2009 सालचं. डिफॉल्ट मेथड आल्या जावा 8 मध्ये, 2014 ला. कलेक्शनसारख्या जुन्या इंटरफेसमध्ये स्ट्रीम घालायचं, पण आधीचे क्लास मोडायचे नाहीत, ही तेव्हाची गरज होती. डिपेंडन्सी पुरवणं हा हेतूच नव्हता.

म्हणून, जिथे चालतं तिथेही लावू नका असं मी सांगतो. इंटरफेसला इन्स्टन्स फील्ड नसतं. डिफॉल्ट सेटरला वस्तू मिळाली तरी तो ती ठेवणार कुठे? एक तर स्टॅटिक जागेत, म्हणजे सगळ्यांची एकच; नाहीतर दुसऱ्या ॲबस्ट्रॅक्ट मेथडकडे, म्हणजे क्लासला पुन्हा तेच लिहायला लावून. शिवाय प्रमाणानुसार, ओव्हरराइड करणाऱ्या मेथडवर इंजेक्ट नसेल तर इंजेक्शन होत नाही. सहा महिन्यांनी कुणीतरी ती मेथड सहज ओव्हरराइड करतं आणि नल पॉइंटरची एरर (वस्तूच नसल्याची) भलत्याच फाइलमध्ये उगवते.

खरी गंमत प्रॉक्सीत, म्हणजे इंटरफेसवरून चालू प्रोग्राममध्येच तयार होणाऱ्या मध्यस्थ ऑब्जेक्टमध्ये आहे, आणि त्याबद्दल फार कमी जण विचारतात. फेन (Feign, वेब सेवांना कॉल करणारी लायब्ररी) किंवा स्प्रिंग डेटामध्ये (डेटाबेससाठी) तुम्ही फक्त इंटरफेस लिहिता, मागे तुमचा क्लास नसतोच. डिफॉल्ट मेथडचा कॉलही मग इन्व्होकेशन हँडलरकडेच, म्हणजे प्रॉक्सीचे सगळे कॉल झेलणाऱ्या कोडकडेच जातो. हँडलरने इज-डिफॉल्ट तपासून मूळ बॉडी स्वतः चालवावी लागते. जावा 8 मध्ये त्यासाठी मेथड हँडल्सच्या लुकअप या जावाच्या अंतर्गत क्लासचा प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्राममधून क्लासच्या आत शिरून) उघडावा लागायचा. जावा 9 पासून दुसरी वाट धरावी लागली. जावा 16 मध्ये इन्व्होक-डिफॉल्ट ही सरळ मेथड मिळाली. स्वतःचं छोटं फ्रेमवर्क लिहीत असाल, तर पहिली टेस्ट याचीच लिहा. टेस्टसाठीच्या मॉकिटो लायब्ररीचा साधा मॉक (नकली ऑब्जेक्ट) सुद्धा डिफॉल्ट बॉडी चालवत नाही. ती हवी असेल तर तसं सांगावं लागतं.

मागे खरा क्लास असेल तेव्हा आणखी एक गोष्ट बघा. डिफॉल्ट मेथडच्या आतून त्याच ऑब्जेक्टच्या ट्रान्झॅक्शनल मेथडला (जिच्यासाठी स्प्रिंग डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन सुरू करतं) कॉल केलात, तर स्प्रिंगची नेहमीची प्रॉक्सी मध्ये येत नाही आणि त्या कॉलपुरतं ट्रान्झॅक्शन सुरू होत नाही.

मग डिफॉल्टमध्ये लिहायचं काय? इंटरफेसच्याच मेथड वापरून जेवढं जमतं तेवढं. निरोप पाठवणाऱ्या इंटरफेसमध्ये एकाला पाठवणारी मेथड ॲबस्ट्रॅक्ट ठेवा. यादीतल्या सगळ्यांना पाठवणारी, आत लूप असलेली, खुशाल डिफॉल्ट करा. तिला घड्याळ लागलं तर पॅरामीटर म्हणून द्या. टेम्पलेट इंजिन, कॉन्फिग असं बरंच काही लागायला लागलं, की तो भाग वेगळ्या क्लासमध्ये काढा आणि सगळं त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून घ्या. सेटरची दहादा होणारी नक्कलही तिथेच संपते.