आडव्या रेघा, उभ्या रेघा

मामांनी गोणपाट उलगडून लाकूड कापायचं मशीन ओट्यावर ठेवलं आणि काहीच बोलले नाहीत. मी दोरी धरून ओढली. दोरी जागची हलली नाही. चारच दिवसांपूर्वी याच ओट्यावर मी त्याला नवा पिस्टन आणि रिंगा बसवून दिल्या होत्या. १८०० रुपये घेतले होते आणि ‘आता पाच वर्षं बघायचं काम नाही’ असंही बोलून गेलो होतो.

“अर्धी टाकी झाली भाऊ,” मामा म्हणाले, “आन् एकदम धरलं.”

जालन्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये मी १२ वर्षं मेंटेनन्सला होतो. आता अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी घरच्या ओट्यावरच फवारणीचे पंप आणि लाकूड कापायची लहान मशीनं दुरुस्त करतो. मामांचं मशीन ३२ सीसीचं. २०१२-१३ च्या दुष्काळात त्यांची मोसंबीची बाग उभी वाळली, तेव्हा ते विकत घेतलं होतं. विहिरीला थेंब नव्हता. टँकरचं पाणी घालून वर्षभर जगवलेली झाडं शेवटी याच मशीनने कापावी लागली. बाग संपल्यावर मामांनी ते कोठीत ठेवून दिलं आणि पुढची दहा-अकरा वर्षं त्याच्याकडे बघितलंही नाही. यंदा वळवाच्या वाऱ्यात बांधावरची बाभूळ नव्या मोसंबीच्या रांगेवर आडवी पडली. ठिबकच्या नळ्या तिच्याखाली दबल्या. म्हणून ते बाहेर निघालं, आणि पिस्टन गेल्यावर माझ्या ओट्यावर आलं.

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : “तेल टाकलं होतं ना, मामा?” टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. नुसतं पेट्रोल भरलं तर काही मिनिटांत पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकून बसतो, आणि बहुतेक वेळा चूक तिथेच असते. मामांनी पिशवीतून बाटली काढून पुढे ठेवली. “लिटरला ४० मिली. तुम्ही सांगितल्तं तसं.” मी कागदावर एक थेंब टाकला. पेट्रोल उडून गेलं आणि मागे तेलाचा गोल डाग राहिला. हा माणूस माझ्यापेक्षा २० वर्षांनी मोठा आहे. मशीन उघडायच्या आधी मी त्याच्या हातावर संशय घेतला, याचं मला अजून वाईट वाटतं.

सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली. पिस्टनच्या धुराड्याकडच्या, म्हणजे जळालेला धूर बाहेर पडतो त्या अंगावर खोल उभे ओरखडे होते. चांगल्या पिस्टनच्या अंगावर बारीक आडव्या रेघा दिसतात. त्या कारखान्यात खरादताना पडलेल्या असतात आणि तेल धरून ठेवतात. त्या पुसून उभ्या रेघा आल्या की पिस्टन सिलिंडरला घासलाय असं समजायचं. ओरखडे हवा शिरते त्या अंगाला असतील तर बहुधा फिल्टर फाटून धूळ गेलेली असते. धुराड्याच्या अंगाला असतील तर एक तर तेल नव्हतं, नाही तर इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळाली आणि ते तापलं.

काढलेला जुना पिस्टन मी भंगाराच्या डब्यात टाकला होता. तो शोधून सायलेन्सरच्या भोकाशी धरला आणि आतल्या नव्याशी ताडून बघितला. दोन्ही पिस्टन त्याच अंगाला, तसेच ओरबाडलेले. पहिला जुना होता म्हणून गेला असं मी धरून चाललो होतो. तो कशाने जळला हे विचारलंच नव्हतं.

मग विचारलं. बंद पडायच्या आधी मशीन कसं वागत होतं?

“रेस सोडली तरी लवकर खाली येत नव्हतं. वरच्यावर ओरडू ऱ्हायलं व्हतं. आन् आडवं धरलं की आवाज बदलायचा.”

मंगळवारी, पहिल्या दुरुस्तीच्या वेळी, एवढं विचारलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. रेस सोडल्यावर इंजिन वरच घोळतं याचा अर्थ ते पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरला चुकवून कुठून तरी फुकटची हवा घेतंय. त्या हवेबरोबर पेट्रोल येत नाही, म्हणजे तेलही येत नाही. मिश्रण हलकं होतं, इंजिन जास्त जोरात फिरतं, मालकाला वाटतं मशीन आज खूश आहे, आणि आत पिस्टन फुगत असतो. त्यात आमच्याकडे मे महिन्याचं ऊन.

हवा कुठून घेतंय ते शोधायला माझ्याकडे आईच्या जुन्या बीपी मशीनचा फुगा आणि काट्याची तबकडी आहे. डिझेल सोडून, हलके ठोके देऊन पिस्टन सोडवला. धुराड्याचं आणि कार्बोरेटरचं तोंड ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे लावून आवळून बंद केलं. इंजिनाच्या पोटातून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या इम्पल्सच्या बारक्या नळीला फुगा जोडला आणि तबकडीवर ३०० पर्यंत हवा भरली. काटा जागेवर राहिला. सगळीकडे साबणाचा फेस फिरवला. एक बुडबुडा नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काटा तसाच.

मामा भिंतीला टेकून बसले होते. त्यांना काय सांगावं ते कळेना. सगळं घट्ट आहे, मग पिस्टन का जळतो?

चहा आला तेव्हा मी हातात एक जुनं ऑइल सील घेऊन बसलो होतो. पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्या क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना ही रबरी सीलं असतात. त्यांचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, आतल्या बाजूला वळलेला असतो. बोट घालून आतून दाबलं की ओठ शाफ्टला आणखी घट्ट चिकटतो. आणि मी फुग्याने आतूनच दाब देत होतो! गेलेलं सीलही दाबाला टिकू शकतं. इंजिन हवा खेचतं तेव्हा पिस्टन वर जातो आणि आत ओढ तयार होते. ओठ कडक झालेला असेल तर त्या ओढीने तो शाफ्टपासून सुटतो. परीक्षा घ्यायची ती ओढीची.

गुरांच्या औषधाची ५० मिलीची मोठी पिचकारी घरात होती. फुगा काढून ती जोडली आणि दट्ट्या मागे ओढला. आतून सगळं बंद असेल तर सोडल्याबरोबर दट्ट्या परत आत खेचला जायला हवा. मी सोडला. तो होता तिथेच राहिला.

चेन फिरवणारा क्लच उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे उजवीकडे फिरवून सोडवायचा. तो आणि मागचा ऑइल पंप काढून सील उघडं केलं. शाफ्टच्या कडेला तेलाचा एक थेंब ठेवला आणि मामांना जवळ बोलावलं. पिचकारी ओढली. थेंब आमच्या डोळ्यांदेखत आत गेला.

“हे गिळू ऱ्हायलं,” मामा म्हणाले.

नवा पिस्टन घालताना या बांधणीच्या इंजिनात खालचा भाग उघडून अख्खा क्रँक बाहेर काढावा लागतो. दोन्ही सीलं तेव्हा माझ्या हातात आली होती. दिसायला धड होती म्हणून पुसून तीच परत बसवली. आता नखाने दाबलं तर ओठ वाळल्या सालीसारखा कडक लागला. जालन्यात दोन सीलं मिळून दीडशे रुपयांना मिळाली.

दुसरा पिस्टन माझ्या पैशांचा. सिलिंडर वाचला. त्याच्या आतल्या कडक मुलाम्यावर पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून चिकटलं होतं. हातमोजे आणि चष्मा घालून, कॉस्टिक सोड्याचं पाणी कापसाच्या काडीने फक्त त्या डागांवर लावलं. ॲल्युमिनियम फसफसून सुटतं, मुलामा राहतो. ते सिलिंडर गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पंख्यांवर, म्हणजे पातळ पात्यांवर, सांडू द्यायचं नाही, कारण पंखेही ॲल्युमिनियमचेच असतात. धुऊन बघितलं तर मुलामा कुठे उडालेला नव्हता. पिस्टनवरचा बाण धुराड्याकडे, रिंगेची तोंडं खुंटीवर, जोडाला पातळ सीलंट, आणि रात्रभर सुकू दिलं. सकाळी पिचकारीचा दट्ट्या हातातून निसटून आत गेला. पेट्रोलची नळीही बदलली. ती कोठीत राहून चिवट झाली होती, आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. काम संपल्यावर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवूनच मशीन ठेवावं, हे मी हल्ली प्रत्येकाला सांगतो.

त्या महिन्यात पिस्टन बदलून दिलेली आणखी दोन मशीनं होती. दोघांना फोन करून परत मागवली. एकाचं सील तसंच निघालं.

मशीन घेऊन मी स्वतः मामांच्या शेतात गेलो. बाभळीच्या फांद्या आधी, मग बुंधा. रेस सोडली की इंजिन लगेच खाली येत होतं आणि चेन थांबत होती. पूर्ण रेसला आवाज किंचित भरडा ठेवला, म्हणजे पेट्रोल थोडं जास्तच. पहिली टाकी संपली. मी इंजिन गार होऊ दिलं आणि तिथेच, ठिबकच्या नळ्यांमध्ये बसून, सायलेन्सर काढला.

मामा माझ्या खांद्यावरून वाकले. मोबाइलची बॅटरी त्यांनीच धरली.

“रेघा दिसू ऱ्हायल्या,” ते घाबरून म्हणाले. “उभ्या हायेत का आडव्या?”

“आडव्या, मामा. कारखान्यातल्याच आहेत.”