गच्चीवरची कोजागिरी आणि 'बमेल'चा दुसरा भाग

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर दर कोजागिरीला वाचक मंडळ जमायचं. मंडळ म्हणजे काही रजिस्टर वगैरे केलेलं नव्हतं, आमची आणि शेजारच्या दोन बिल्डिंगा मिळून वीसबावीस घरं, वर्षभर एकच पुस्तक घराघरातून फिरायचं आणि कोजागिरीला सतरंजीवर बसून प्रत्येकाने त्यावर बोलायचं. बोलून झालं की तेच वहीत लिहायचं, आपल्या हाताने, निदान दोन ओळी. ती लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी लांबडी हिशेबाची वही आज माझ्या कपाटात आहे, आणि परवा आवरताना ती हातात आली म्हणून हे सगळं लिहितोय.

त्या रात्री बोलायची वेळ दुधावर ठरायची. संध्याकाळी सातला शेगडी आणि मोठं पातेलं वर चढवायचं, दूध उतू जाऊ नये म्हणून आम्ही पोरं आळीपाळीने डाव फिरवायचो, आणि ते आटून पिवळसर होईपर्यंत सगळ्यांचं बोलून झालंच पाहिजे. केशर जायफळ सगळ्यात शेवटी. आईच्या हातची चारोळी घातलेली साय पातेल्याच्या कडेला जमायची, ती खरवडून कोणी खायची यावर दरवर्षी भांडण, आणि ते भांडण पुस्तकावरच्या भांडणापेक्षा मोठं असायचं.

२००४ ला आम्ही जेरोम के. जेरोमचं 'थ्री मेन इन अ बोट' घेतलं होतं. तीन मित्र आणि एक कुत्रा, लंडनजवळच्या किंग्स्टनहून टेम्स नदीने ऑक्सफर्डपर्यंत होडीतून जातात आणि परतायला निघतात, १८८९ चं पुस्तक. सगळ्यांना इंग्रजी वाचायला जमायचं नाही, म्हणून बँकवाले काका शनिवारी संध्याकाळी खाली जिन्यापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि इंग्रजी बघत बघत सरळ मराठीत सांगायचे. अननसाचा डबा बरोबर घेतलाय पण तो उघडायला काहीच नाही, हा भाग त्यांनी सांगितला तेव्हा भाजी घेऊन वर जाणारे लोक जिन्यातच उभे राहिले होते. मला वाटतं मंडळातल्या अर्ध्या लोकांनी ते पुस्तक वाचलं नाहीच, ऐकलं. आणि त्यांची मतं वाचणाऱ्यांपेक्षा पक्की होती.

त्या वर्षीच्या पानावर सगळं कौतुकच आहे. पोरांनी एकजात कुत्र्याबद्दल लिहिलंय. शाळेतल्या बाईंनी लिहिलंय की मधेमधे नदीकाठचा इतिहास आणि वर्णनं येतात ती लोक गाळतात, ती गाळू नयेत, कारण जेरोमला मुळात टेम्सची माहिती देणारं पुस्तकच लिहायचं होतं, विनोद नंतर वरचढ झाला. हे बाईंनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. आणि बँकवाल्या काकांची ओळ आहे, सगळ्यात खाली, निळ्या शाईत: 'याचा दुसरा भाग आहे. लेखकाने तो ११ वर्षांनी लिहिला. आपणही ११ वर्षांनी वाचू.'

लोक हसले होते तेव्हा. पण काका मनापासून म्हणाले होते. त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्या भागात तेच तिघे आता चाळिशीकडे आलेत, दोघांची लग्नं झालीत, पोरंबाळं आहेत, तर आपणही तेवढे मोठे होऊन वाचलं तर ते कळेल, लगेच वाचलं तर नुसती तुलना होईल. मला तेव्हा हे पटलं नव्हतं, मी एकोणीस वर्षांचा, म्हटलं एवढं कोण थांबणार. त्याच महिन्यात मी दुसरा भाग मिळवला, एकट्याने रात्री वाचला, 'थ्री मेन ऑन द बमेल', १९०० चं, आणि मला तो आवडला नाही. नदी नाही, कुत्रा नाही, नुसतं जर्मनीत सायकली घेऊन भटकणं आणि बोलणं. अर्धा वाचून ठेवून दिला. कोणाला सांगितलं नाही.

काका २०११ ला गेले. २०१५ च्या गुढीपाडव्याला पुस्तक ठरवायला बसलो तेव्हा बाईंनी वही काढली आणि ते पान उघडून मधे ठेवलं. मग ठरवायचं काय राहिलं.

त्या वर्षीची कोजागिरी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. शनिवारचं वाचन आता मी करायचो, काकांच्याच खुर्चीत, आणि एकोणिसाव्या वर्षी जे पुस्तक मी अर्ध्यात टाकलं होतं तेच मोठ्याने वाचताना मला धाप लागायची इतकं हसू यायचं. सुरुवातीलाच नवरा मोठ्या हिमतीने बायकोला सांगायला जातो की मला जरा बदल हवाय, तर बायको म्हणते मलाही तेच वाटत होतं, तुझ्यापासून जरा बदल हवा. जिन्यातल्या सगळ्या मावश्यांनी एकदम टाळ्या दिल्या एकमेकींना. एकोणिसाव्या वर्षी मी यावरून नुसता पुढे गेलो होतो.

गच्चीवर सगळ्यात जास्त गाजले ते सायकलवाले काका. त्यांचं दुकान होतं पंक्चर आणि रिपेरिंगचं, आयुष्यात त्यांनी मंडळात दोन मिनिटांच्या वर कधी भाषण केलं नाही. पुस्तकात एक ओळखीचा माणूस सकाळी सकाळी येतो, पुढचं चाक हलवून बघतो, हे डुगडुगतंय म्हणतो आणि चांगली चालणारी सायकल खोलून बसतो, छर्रे सगळीकडे सांडतात, मग चेन काढतो, मग सगळं परत बसवता बसवता दिवस जातो. काका म्हणाले, हा माणूस माझ्याकडे दर रविवारी यायचा. रुमालात छर्रे बांधून यायचा आणि म्हणायचा एक कमी पडतोय. मी त्याला कधी हसलो नाही कारण त्याचं तोंड पडलेलं असायचं, पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इंग्लंडातही तोच होता हे वाचून मला फार बरं वाटलं. बोलताना त्यांनी अंगठा आणि दोन बोटं अशी धरली होती की चिमटीत खरंच एक छर्रा आहे असं वाटत होतं. वहीत मात्र त्यांनी एवढंच लिहिलंय, 'सायकलची माहिती बरोबर आहे.'

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना राग आला होता, खराखुरा. तिघांपैकी हॅरिस आणि त्याची बायको दोघांच्या सायकलवर, म्हणजे टँडमवर, हॉलंडमध्ये फिरत असतात, रस्ता दगडगोट्यांचा, तो म्हणतो घट्ट बस, तिला ऐकू येतं उडी मार, ती उतरते आणि हा मैलोन्मैल पुढे जातो, मागे कोणी नाही हे कळतच नाही त्याला. मावशी म्हणाल्या, हसता काय, मला यांनी तीन हात नाक्याजवळच्या पंपावर असंच ठेवलं होतं, पेट्रोल भरायला उतरवलं, स्कूटरला किक मारली आणि गेले, घरी पोचून हाक मारली तेव्हा कळलं. मोबाईल नव्हते तेव्हा. मावशींचं म्हणणं, ती बाई पुढे काय बोलली ते लेखकाने नीट लिहायला हवं होतं, आपल्याला सगळं नवऱ्याकडून कळतं. मला अजूनही वाटतं, या पुस्तकावरचं एवढं नेमकं मत मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. मावशींचे यजमान शेजारीच बसले होते, ते डाव घेऊन पातेल्याकडे गेले.

पण खरी गच्ची हलली ती पॉजर काकांच्या गाडीला. हे पॉजर पहिल्या भागातही आहेत, भिंतीवर एक तसबीर लावताना अख्खं घर कामाला लावतात ते. दुसऱ्या भागात ते उपनगरात राहतात आणि रोज सकाळी नऊ तेराची गाडी पकडायला धावतात, एका हातात बॅग आणि पेपर, दुसऱ्यात छत्री, त्यांच्यासारखे अजून बरेच पोट सुटलेले गृहस्थ धावतायत आणि रस्त्यात पोरं उभी राहून बघतायत. आता हे ठाण्यात वाचायचं! १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली ती इथेच आली, ३४ किलोमीटर, तेव्हापासून हे गाव गाडी पकडतंय. वाचन संपल्यावर जो तो आपली आपली गाडी सांगायला लागला, आठ चोवीसची ठाणा, नऊ दोनची फास्ट, कोणाच्या सासऱ्यांचा चष्मा कपाळावर आणि घरभर शोध, कोणाचा डबा उलट्या बाजूने प्लॅटफॉर्मवर फेकून दिलेला. ज्यांना रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली त्यांनाही आपल्या गाडीचं मिनिट पाठ होतं. दूध थोडं लागलं खाली त्या नादात. तसंच प्यायलो.

सगळ्यांना आवडलं असं नाही हां. दुसऱ्या पिढीतल्या एक दोघांनी लिहिलंय की जर्मन लोकांवर सरसकट बोललंय, ते शिस्तीचे, ते गवतावर पाय ठेवत नाहीत, असं एका अख्ख्या देशाबद्दल किती बोलायचं. आमच्यातला एक दादा कामासाठी चार वर्षं तिकडे होता, त्याने सांगितलं की काही गोष्टी अजून तशाच आहेत पण पुस्तक वाचताना १९१४ डोक्यातून जात नाही, चौदाच वर्षांनी हेच दोन देश लढणार आहेत. आणि मग बाईंनी सांगितलं की त्या युद्धात जेरोम स्वतः गेला होता, पन्नाशी उलटलेली म्हणून इंग्लंडच्या सैन्याने घेतलं नाही तर फ्रेंचांसाठी अँब्युलन्स चालवली. गच्ची एकदम शांत झाली. ज्या माणसाने ब्लॅक फॉरेस्टमध्ये सायकली फिरवत एवढं हसवलं तो जखमी माणसं वाहून नेत होता, हे कळल्यावर मला तरी ते पुस्तक वेगळंच दिसायला लागलं.

बाईंचं स्वतःचं मत मात्र शेवटपर्यंत पहिल्या भागाकडे. नदी गोष्टीला वाहून नेते, दुसऱ्यात गोष्ट आपल्या पायाने चालते आणि मधेच बसते, असं त्यांनी लिहिलंय. बांधणीच्या बाबतीत बाईंचं बरोबर आहे, मी मान्य करतो. हॅम्बर्ग, बर्लिन, ड्रेस्डेन, प्राग अशी गावं येतात आणि जातात, त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. पण 'बमेल'चा अर्थच मुळी तो आहे, शेवटच्या पानावर सांगितलाय, अशी भटकंती जिला पोचायचं ठिकाण नाही, फक्त ठरलेल्या वेळात निघालो तिथे परत यायचं. पहिला भाग सुट्टीतल्या पोरांचा आहे आणि हा घर असलेल्या माणसांचा. आणि हा एकट्याने वाचायचा नाहीच, चारचौघांत वाचायचा, ज्यांनी ती गाडी पकडलेली आहे आणि जी पंपावर राहिलेली आहे त्यांच्यात. बँकवाल्या काकांना हे तेव्हाच कळलं होतं.

२०१८ ला बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. दोन वर्षं कोणी घोडबंदरला, कोणी कळव्याला, कोणी खारेगावला भाड्याने, मग कोविड, कोजागिरी मोबाईलवर झाली, प्रत्येकजण आपापल्या घरात आपलं दूध घेऊन. आता परत आलोय सगळे, म्हणजे जे आहेत ते. नवीन गच्ची बावीस मजल्यांवर आहे, चंद्र अगदी जवळ वाटतो पण वर शेगडी न्यायची परवानगी नाही आणि दहाला कुलूप लावतात.

काल हिशेब केला, २०१५ अधिक ११ म्हणजे २०२६. तिसरा भाग जेरोमने लिहिलेला नाही. बाईंना फोन केला, त्या ८३ वर्षांच्या आहेत आता, म्हणाल्या दोन्ही परत घ्या की, आणि या वेळी पोरांना वाचायला बसव. काकांची खुर्ची सायकलवाल्या काकांच्या मुलाकडे आहे, ती मागून घ्यायचीय. दूध मावशींच्या घरी आटवून लिफ्टने वर न्यायचं ठरलंय, पातेलं लिफ्टमध्ये मावतं का ते रविवारी बघतो.