तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्र डाव्या हाताला

पुण्या-मुंबईचे नातेवाईक आम्हा बडोदेकरांना एक प्रश्न हमखास विचारतात. "तुम्ही मराठी माणसं, मुलाबाळांना घेऊन समुद्राच्या काठाकाठाने गाडीने फिरायचं तर कोकणात या की! दर वेळी ते सौराष्ट्र काय?" लग्नाच्या पंगतीत याचं धड उत्तर देता येत नाही, वाढपी पुढे येऊन उभा राहतो. म्हणून जरा बैजवार लिहिते.

कोकण मला परकं नाही. माझं आजोळच गुहागरकडचं. पण बडोद्याहून निघून मुंबई ओलांडण्यातच एक दिवस जातो आणि घाटाची वळणं सुरू झाली की सासूबाईंना गाडी लागते. याउलट सकाळी दांडिया बाजारातून चहा-पोहे करून निघालं, वासदला मही ओलांडली आणि तारापूर, वटामण, धोलेरा असा सपाट रस्ता धरला की जेवायला भावनगर. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. आई, म्हणजे सासूबाईच, पुढच्या डाव्या सीटवर ऐसपैस बसतात. ती सीट त्यांचीच का, तेही सांगते.

भावनगरहून निघून तळाजा, महुवा, ऊना, कोडिनार, सोमनाथ, पोरबंदर करत द्वारकेपर्यंत गेलात की समुद्र सारा वेळ डाव्या हाताला राहतो. आपण गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे पाणी दिसलं की तिथेच कडेला थांबता येतं. मुलांना घेऊन समोरून येणाऱ्या ट्रकांच्या मधून रस्ता ओलांडावा लागत नाही. हीच सहल उलटी, द्वारकेपासून सुरू केली तर हे सुख जातं. म्हणून मी प्रत्येकाला आवर्जून सांगते, सुरुवात भावनगरपासून करा. दीवच्या पुढे रस्ता वायव्येला वळतो, दुपारचं ऊन डावीकडून येतं, तेव्हा आईंच्या खिडकीला ओढणी लावायची आणि होईल तितकं अंतर सकाळी कापायचं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर हिरमोड होईल. हा महामार्ग बराचसा समुद्रापासून आत आत चालतो. शेतं, कांद्याचे ढीग, नारळीच्या बागा, आणि पाणी कुठेच नाही, असं कितीतरी वेळ असतं. समुद्र बघायला फाट्यावरून डावीकडे आत शिरावं लागतं. ज्यांना खिडकीतून अखंड निळं पाणी हवं त्यांनी येऊ नये.

पहिला फाटा कोळियाकचा, भावनगरपासून पंचवीसेक किलोमीटरवर. तिथे निष्कलंक महादेव भर समुद्रात आहे. भरतीला फक्त ध्वजाचा खांब आणि लाटा दिसतात. ओहोटी लागली की पाणी मागे हटतं, हटतच राहतं, आणि किलोमीटरभर चिखल-दगडांची वाट उघडी पडते. चपला काठावर सोडायच्या आणि चालायला लागायचं. पायाखालचा चिखल मऊ, थंड, मधेच शेवाळलेला दगड; धाकट्याने आजीचा हात धरलेला की आजीने त्याचा, हे सांगणं कठीण. चौथऱ्यावर पाच शिवलिंगं, प्रत्येकापुढे नंदी. पांडवांनी युद्धानंतर कलंक धुतला तो इथे, असं तिथले लोक सांगतात. मागच्या वेळी आई अभिषेक करत होत्या तेव्हा पिंडीच्या खाचेत एक बोटभर मासा अडकलेला थोरलीला दिसला. तिने तो ओंजळीत उचलून डबक्यात सोडला, मगच नमस्कार केला.

पाणी गढूळ असतं, चहाच्या रंगाचं. मुलं नाक मुरडायची. मग आम्ही त्यांना सांगितलं, हा गाळ नर्मदा-महीचा आहे. आपली विश्वामित्रीसुद्धा पावागढहून निघून, बडोद्यातून वाहत, ढाढरला मिळून याच खंबातच्या आखातात येते. आखात नरसाळ्यासारखं आत अरुंद होत गेलंय, म्हणून भरतीचं पाणी दाटून इतकं वर चढतं आणि तितकंच मागे जातं. तेव्हापासून मुलं काठावर आली की "आपलं पाणी" म्हणतात.

भरती-ओहोटीची वेळ मात्र तिथल्या माणसांना विचारूनच जा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ हा आजोळी ऐकलेला हिशेब कोकणचा. इथे पाणी आखातात आत पोचायलाच वेळ घेतं. शिवाय ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. पुजारी परत फिरा म्हणाले की फिरायचं, फोटोसाठी एक मिनिटही थांबायचं नाही.

याच भरतीच्या जोरावर पुढचं अलंग उभं आहे. 1983 पासून जगभरातली म्हातारी जहाजं मोठ्या भरतीला इथल्या किनाऱ्यावर चढवतात आणि तोडतात. आत सोडत नाहीत, पण रस्त्याच्या दुतर्फा जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकानं आहेत. तिथे एक टेबल पाहिलं, चारही बाजूंनी बोटभर उंच काठ असलेलं, जहाज डोललं तरी ताट घसरू नये म्हणून. मुलगी त्या काठावरून हात फिरवत कितीतरी वेळ उभी होती. जहाज म्हणजे काय हे तिला त्या टेबलाने जितकं सांगितलं तितकं कुठल्याच चित्राने सांगितलं नव्हतं.

जाफराबाद वाटेत लागतं. हे एकेकाळी जंजिऱ्याच्या सिद्दीचं. मुरुडच्या समोरचा तो जंजिरा, त्याचा मुलूख इथे सौराष्ट्रात! दीवला मुक्काम करावा, घोघलाच्या किनाऱ्यावर मुलांना मनसोक्त डुंबू द्यावं, पोर्तुगीजांचा किल्ला सकाळी उन्हं चढायच्या आत पाहावा. दिवाळीच्या आठवड्यात मात्र तिकडे फिरकू नका, अख्खा गुजरात तिथे लोटतो.

मग कोडिनार. प्रवासी इथे थांबत नाहीत. सोमनाथची घाई असते. आम्ही थांबतो. 1949 मध्ये बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तोवर कोडिनार आणि तिकडे वर द्वारकेभोवतीचं ओखामंडळ हा गायकवाडी मुलूख होता. जुन्या नकाशात बडोदा संस्थान तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं दिसतं, त्यातले हे अरबी समुद्राला टेकलेले तुकडे. माझे आजेसासरे गायकवाडीत महसुलात कारकून होते, काही वर्षं बदलीवर कोडिनारला. घर कुठलं ते आता कोणालाच ठाऊक नाही. तरी आई बाजारात उतरतात, डोक्यावरून पदर घेतात आणि म्हणतात, "इथं मामंजी राहिले." चहा पितो, बशीत ओतून, तिथल्या रीतीने. हा चहा मला साऱ्या सहलीत सगळ्यात मोलाचा वाटतो. कोकणात माझं आजोळ आहे खरं, पण मुलांच्या पणजोबांनी ज्या गावात दप्तर सांभाळलं ते गाव त्यांनी पाहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि आपली माणसं इथे नुसती नोकरीलाच आली नव्हती. सोमनाथला सरदार पटेलांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं, 1951 मध्ये प्राणप्रतिष्ठा झालेलं भव्य मंदिर सगळे बघतात. जवळच अहिल्याबाई होळकरांनी 1783 मध्ये बांधलेलं देऊळ आहे, तिथे फारसं कोणी वळत नाही. मूळ पिंड खाली तळघरात आहे, अरुंद पायऱ्या उतरून जायचं. वर समुद्राची गाज, खाली गारवा आणि उदबत्तीचा वास. आक्रमणांच्या आठवणी ताज्या असताना देव असा खाली जपून ठेवणाऱ्या त्या बाईपुढे माझं डोकं देवाआधी टेकतं.

पुढे माधवपूरला रस्ता अगदी वाळूला लागून जातो. कृष्ण-रुक्मिणीचं लग्न इथे लागलं अशी श्रद्धा. रामनवमीपासून जत्रा भरते. विदर्भाची लेक ती, म्हणून आई तिथे ओटी भरतात. लाटा मात्र ओढून नेणाऱ्या आहेत, सोमनाथला आणि इथे पोरांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका. द्वारका तुम्हाला माहीतच आहे. तिच्या पुढचं ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या काळात उभं राहिलं, मिठापूरचा टाटांचा कारखाना 1939 मध्ये बडोद्याच्याच हद्दीत निघाला. बेटद्वारकेला आता होडीची वाट बघावी लागत नाही, 2024 पासून सुदर्शन सेतू आहे. मुलांना पुलाचं अप्रूप, मला अजून होडीच आवडते.

तेव्हा या नाताळात तुम्हीच इकडे या. निघायच्या आधी पंचांग बघून तिथी कळवा, अमावास्या-पौर्णिमेच्या जवळपासची असेल तर उत्तम, ओहोटी खोल जाते. कोळियाकच्या पुजाऱ्यांना फोन करून मी वेळ विचारून ठेवते, त्यावरून बडोद्याहून किती वाजता निघायचं ते ठरवू.