'मॅडम, दोन मिनिटं बसा'

पहाटे साडेतीनला तो आला. वय तिशीच्या आत-बाहेर, दोन्ही किडन्या निकामी, लागोपाठ दोन डायलिसिस चुकलेले. ईसीजीचा कागद मशीनमधून पूर्ण बाहेर येण्याआधीच काय ते कळलं होतं. टी वेव्ह टोकदार, क्यूआरएस पसरलेला. म्हणजे रक्तात पोटॅशियम वाढलेलं. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून दिलं. त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला थोडा वेळ आधार मिळतो, एवढंच. पोटॅशियम पेशींमध्ये ढकलणारं इन्सुलिन आणि ग्लुकोज भरत होतो, तेवढ्यात हृदय थांबलं.

चाळीस मिनिटं सीपीआर केला. तो परत आला नाही.

त्याच्या बायकोला मी बाहेर जाऊन सांगितलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

आत आले, हात धुतले आणि पुढचा केसपेपर उचलला. न्यूमोनियाचा पेशंट. इंजेक्शन लिहून कागद सिस्टरांकडे दिला. त्या हलल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, ह्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे." केसपेपरच्या वरच्याच ओळीत लाल शाईने लिहिलेलं होतं. मी लिहिलेलं औषध त्याच गटातलं. ती ओळ मी पाहिली होती, वाचली नव्हती.

"मॅडम, दोन मिनिटं बसा," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. मृत्यूनंतर लगेच पुढचा पेशंट घ्यायचा, हीच आमच्याकडे हिंमत मानली जाते. न्यूमोनियाच्या पेशंटला दुसरं औषध सुरू केलं आणि बसले. सिस्टरांनी बाकीच्यांनाही बोलावलं.

आधी कुणीच बोलेना. मग छाती दाबणारा आमचा वॉर्डबॉय म्हणाला, "सुरुवातीला मी बराच वेळ एकटाच दाबत होतो. हात भरून आले होते. पण बदल असं कुणी म्हणालं नाही." नियम मला पाठ आहे: मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा. कारण दाबणाऱ्याला थकवा जाणवण्याआधीच दाब उथळ होऊ लागतो. तो पाठ असून त्या रात्री घड्याळाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं, आणि टीम मी चालवत होते.

ज्युनियर डॉक्टर खाली मान घालून बसला होता. शेवटी त्याने विचारलं, "मॅडम, माझ्याकडून कॅल्शियमला उशीर झाला का?" आम्ही वेळा काढल्या. ईसीजी ३:३४, कॅल्शियम ३:३८. उशीर नव्हता. कागद तिथे नसता तर हा प्रश्न तो घरी घेऊन गेला असता. असे दोन-तीन प्रश्न माझ्याकडे अजून आहेत. त्या वेळा कुणी लिहिल्या होत्या की नाही, तेही आता आठवत नाही.

अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० साली चूक झालेल्या डॉक्टरला 'सेकंड व्हिक्टिम', म्हणजे दुसरा बळी, म्हटलं. मला तो शब्द पटत नाही. बळी पेशंट असतो आणि त्याच्या घरचे. पण दुखणं त्यांनी ओळखलं होतं. आम्ही त्याला थकवा म्हणत राहिलो आणि ड्युटीचे तास मोजत राहिलो. तास मोजायलाच हवेत. पण त्या पहाटे माझ्या हातून चूक होत होती ती त्या पेशंटच्या मृत्यूनंतर न थांबल्यामुळे.

आता सीपीआरच्या वेळी एक जण फक्त घड्याळ बघतो, दुसरं कोणतंही काम करत नाही. नंतर पाच मिनिटं सगळे बसतात, आणि टीम चालवणाऱ्याचा पुढचा पेशंट दुसरा डॉक्टर बघतो. दर वेळी जमत नाही. दारात तीन ॲम्ब्युलन्स असल्या की बसणं राहतं. मग ड्युटी संपताना बसतो, निम्मे लोक घरी गेलेले असले तरी.

गेल्या आठवड्यात मनुष्यबळ कमी होतं म्हणून मीच छाती दाबत होते. घड्याळ त्याच वॉर्डबॉयकडे होतं. "मॅडम, बदला," तो म्हणाला. मला वाटलं, अजून जमतंय. तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने. मी बाजूला झाले.