बाल्कनी सगळ्यांना दिसली, भिंत कुणालाच नाही

कोथरूडचा फ्लॅट विकला एकदाचा. अण्णा, म्हणजे माझे सासरे, गेल्यावर तो बंदच होता. दीर नाशिकला, आम्ही बावधनला. कुलूप लावून किती वर्षं ठेवणार? इमारत 1985 सालची. तळमजला अधिक दोन, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आणि लोड बेअरिंग. म्हणजे कॉलम-बीमचा सांगाडा नाहीच, नऊ इंची विटांच्या भिंतींवर थेट स्लॅब टेकलेले. पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीमुळे घडलं.

1998 मध्ये आमचं लग्न ठरलं तेव्हा अण्णांनी घरात दोन कामं करून घेतली. दहा बाय चारची बाल्कनी सरकत्या खिडक्या लावून बंद केली आणि तिथे टेबल-खुर्ची टाकली. दुसरं, हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत आठ फूट फोडून डायनिंगची जागा काढली. परवानगी ना महापालिकेची, ना सोसायटीची. त्या काळी परवानगी कोण मागत होतं? अण्णा एस.टी.त अकाउंट्सला होते, घरखर्चाची वही जन्मभर लिहिली. त्या वहीत हे काम आजही वाचता येतं: 'गर्डर 2 नग, सिमेंट 6 पोती, मिस्त्री मजुरी, पीओपी, चहा-पाणी.' चहा-पाण्याचा आकडा आहे, इंजिनिअरच्या फीचा नाही, कारण इंजिनिअर नव्हताच.

एजंटने घर बघितलं आणि खूश झाला. "ताई, बाल्कनी खोलीतच धरू, कार्पेट वाढतंय. नकाशाचा विषय आपण होऊन काढू नका." आता रेराच्या, म्हणजे नव्या गृहप्रकल्पांच्या कायद्याच्या, व्याख्येत कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात, बाल्कनी मुळीच धरत नाहीत. जुन्या घराच्या पुनर्विक्रीला रेरा लागत नाही हे खरं, पण घेणारे हल्ली तीच व्याख्या पाठ करून येतात. आम्हाला मिळालेलं जोडपं तसंच होतं. दोघंही आयटीत, मूळचे लातूरचे, मोबाइलमध्ये स्वतःची एक्सेल शीट. सौदा 92 लाखांना ठरला, विसार दिला आणि बँकेचा व्हॅल्युअर आला.

व्हॅल्युअरने लेझरने मापं घेतली, मंजूर नकाशाची प्रत उलगडली आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. नकाशात ती उघडी. तेव्हा उघडी बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर जेवढ्या बांधकामाला परवानगी असते त्यात, मोजत नसत. ती बंद केली की तेवढं क्षेत्र वाढीव बांधकाम. त्याने ते क्षेत्र वगळून किंमत 86 लाख धरली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 ते 75 लाखांच्या कर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. म्हणजे 73 लाख 60 हजारांऐवजी 68 लाख 80 हजार. पावणेपाच लाखांचा हा खड्डा घर घेणाऱ्या त्या दोघा मुलांनी स्वतःच्या खिशातून भरायचा. साहजिकच ते परत बोलणी करायला आले.

तेवढ्यात भाऊजींनी नाशिकहून सल्ला दिला, "वहिनी, दंड भरून रेग्युलराइज करून टाका ना." ऐकायला सोपं. आर्किटेक्टकडे गेले. तो म्हणाला, एफएसआय फ्लॅटचा नसतो, प्लॉटचा असतो. शिल्लक असेल तर सुधारित नकाशा टाकता येतो, पण त्यावर जमिनीच्या मालकाची सही लागणार. आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, अजून झालेलं नाही. बिल्डर कधीच वारला, मुलं परदेशात. आधी मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी अधिकाऱ्याकडून कन्व्हेयन्स, करा, मग सभेत ठराव, मग नकाशा. बाकीच्या अकरांपैकी दहा बाल्कन्याही बंदच आहेत, त्यामुळे एकट्या आमच्यासाठी कोण धावपळ करणार? एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली अनधिकृत बांधकामाची नोटीस आलीच, तर बांधकाम ठेवू द्या असा अर्ज करता येतो. पण नोटीसच आलेली नसताना हे ओढवून घ्यायची कुणाची तयारी नव्हती. आणि हो, घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, असं समजणारे अजूनही भेटतात. तसं काही नसतं.

तर एजंट, व्हॅल्युअर, मुलांचा वकील, बँकेचा वकील, आर्किटेक्ट, सगळ्यांनी बाल्कनीवर तास घालवले. भिंतीबद्दल एकानेही विचारलं नाही. व्हॅल्युअर त्याच आठ फुटी भगदाडातून चारदा ये-जा करत होता. नकाशात तिथे जाड काळी रेघ आहे, प्रत्यक्षात डायनिंग टेबल. पण त्या रेघेने क्षेत्रफळ बदलत नाही, क्षेत्रफळ बदललं नाही की किंमत बदलत नाही, आणि किंमत बदलली नाही की ते कुणाच्या कागदात येत नाही. बाल्कनी उघडी असो वा बंद, तिच्यामुळे कुणाच्या डोक्यावर काही पडणार नव्हतं. भिंतीचं तसं नव्हतं. वरचा भार तिच्यावर होता, ती फोडल्यावर तो गर्डरवर, म्हणजे तिच्या जागी टाकलेल्या आडव्या तुळईवर आला. आम्ही पहिल्या मजल्यावर. आमच्या वर काकूंचं घर, त्यावर गच्ची आणि टाकी.

मला हे खटकण्याचं कारण घाटकोपर. 25 जुलै 2017 ला तिथली सिद्धी साई इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत फेरफार चालले होते. त्या बातम्या वाचताना अण्णा एकदा वर पीओपीकडे बघून गप्प झाले होते, ते माझ्या लक्षात राहिलं.

म्हणून मी काकूंकडे गेले. "काकू, तुमच्या ओट्यासमोरची फरशी तडकलीय का हो?" त्यांनी पायपुसणं उचलून दाखवलं. चार फरशांमधून सलग एक चीर, बरोबर आमच्या मोडलेल्या भिंतीच्या वर. वीस वर्षं त्या फरशीवाल्याला शिव्या देत होत्या.

मग स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला. ह्यांचं म्हणणं, घर विकायला काढलंय, आता कशाला उकरायचं? मी म्हटलं, म्हणूनच. इंजिनिअरने गर्डरच्या दोन्ही टोकांना पीओपी फूटभर कापायला लावलं. डाव्या बाजूला गर्डर भिंतीत नीट नऊ इंच आत गेलेला. उजव्या बाजूला जेमतेम तीन इंच, तोही अर्ध्या विटेवर, खाली काँक्रीटचा ठोकळा नाही की लोखंडी पाटी नाही. त्याने विटेच्या सांध्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर मसाला पिठासारखा भुरभुरला. प्लास्टर खरवडल्यावर कोपऱ्यातून तिरकी खाली उतरलेली भेग दिसली. "उद्या पडेल असं नाही," तो म्हणाला, "पण कुणी वर नवी जड फरशी टाकली किंवा गच्चीवर आणखी एक टाकी चढवली, तर मी खात्री देणार नाही."

काम पंधरवड्यात उरकलं. गर्डरच्या दोन्ही अंगांना जॅक लावले. पण आमच्या जमिनीवर जॅक ठेवला की त्याचा भार खालच्या स्लॅबवर, म्हणून तळमजल्यावरच्या घरातही तसेच टेकू. त्यांनी टीव्ही हलवला, सोफा हलवला आणि तोंड वाकडं न करता सोसलं. तळमजल्याची तीच भिंत शाबूत होती हे आमचं नशीब, नाहीतर वरचा भार उतरवायचा कुठे? उजव्या बाजूच्या खराब विटा काढल्या, सळ्या घालून काँक्रीटचा ठोकळा ओतला, गर्डरला जोड देऊन त्यावर पुरेसा टेकवला, फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. पावणेदोन लाख गेले. काकूंची फरशी धरून.

हे सगळं मुलांना साठेखताच्या आधी सांगितलं. एजंटने कपाळाला हात लावला. आमच्या वकीलबाई मात्र म्हणाल्या, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही असा महत्त्वाचा दोष माहीत असेल तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारकच आहे. बाल्कनी कुणालाही दिसते. पीओपीमागचं गर्डरचं टोक नाही. तेव्हा साठेखतात दोन्ही गोष्टी सरळ लिहिल्या: बाल्कनी मंजूर नकाशात उघडी आहे, अमुक भिंत 1998 मध्ये काढलेली आहे. इंजिनिअरचा अहवाल आणि कामाचे फोटो परिशिष्ट म्हणून जोडले. पालिकेची नोटीस आली तर बाल्कनी उघडी करायचा खर्च त्यांचा, अशी अट घातली, आणि त्या बदल्यात किंमत 88 लाखांवर आली. अहवाल वाचून मुलगी म्हणाली, "आम्ही याआधी अजून चार घरं बघितली. सगळीकडे ओपन किचन होतं." त्या चार घरांच्या भिंतींचं काय, हे तिने विचारलं नाही, मीही बोलले नाही.

शेवटचा अडथळा सेक्रेटरींचा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरणाला सोसायटीचा ना हरकत दाखला लागत नाही, पण बँकेला हवा असतो, त्यामुळे सेक्रेटरींचा भाव वाढतो. त्यांनी हस्तांतरण प्रीमियमचे कमाल 25 हजार घेतलेच, वर "तुमच्याकडे अनधिकृत बदल आहेत" म्हणून हमीपत्र मागितलं. हे संभाषण त्यांच्या बंद केलेल्या बाल्कनीत, त्यांच्या कॉम्प्युटर टेबलाशी बसून झालं. मी हमीपत्र दिलं आणि इंजिनिअरच्या अहवालाची एक प्रतही दिली. तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आमच्याकडे ते एकदाही झालेलं नाही. काकूंनी सांगितलं की परवाच्या सभेत विषय निघाला, आणि दर घरटी सहा हजार काढायचे की सिंकिंग फंडातून, म्हणजे सोसायटीने मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या पैशांतून द्यायचे, यावर अडला.