झाडांवर राख

आत्याने फोटो बघून एवढंच विचारलं, "झाडांवर राख पडलीय का गं?" जेवणं होऊन दोन तास झाले तरी ते मनातून जात नाहीये.

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या वाटेवरचा, जुडा का तालाब या तळ्याच्या अलीकडचा तो खरसू, म्हणजे हिमालयातला ओक. हिवाळ्यातही त्याची पानं टिकतात, म्हणून बर्फ पानापानावर साचतो आणि झुकलेल्या फांदीखाली पानांची तांबूस पाठ दिसते. तिथे बर्फ इतका लख्ख की त्याकडे बघवत नव्हतं. फोटोत मात्र सिमेंट.

कारण पाठ आहे. समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी असणार, असं धरून कॅमेऱ्यातला मीटर उजेड मोजतो. चौकटीत बर्फ भरला की तो उजेड कापतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबावर आपण हाताने वाढवलेला उजेड, +1 ते +1.7 स्टॉप लागतं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). चौकटभर काळी खोडं असली तर उलट, +1 ठेवलं तर मागचा बर्फ जळतो, नुसता कोरा पांढरा होतो. देवदारांच्या दाटीत मी कॉम्पेन्सेशनचं चाक शून्यावर आणलं, ते बरोबरच होतं. मोकळ्यावर आल्यावर परत फिरवलं नाही. बाकी सगळं सांभाळलं होतं. जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेला. तंबूत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत हवाबंद, म्हणजे ओल पिशवीवर धरते, काचेवर नाही. पडत्या बर्फात ऑटोफोकस भुरभुरीलाच धरतो म्हणून फोकस हाताने, खोडावर. आणि चाक राहिलं! इतक्या लांब जाऊन. सुट्टी, पैसे, ती पहाटेची थंडी...

असो. आत्ता हिस्टोग्राम उघडलाय, फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख. उजवीकडचा, उजळ छटांचा सगळा भाग रिकामा, म्हणजे बर्फ जळलेला नाही, नुसता दबलाय. रॉ फाइल आहे, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची नोंद, सव्वा स्टॉप उजळता येते. उजळली. बर्फ पांढरा झाला. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, 1600 होता, त्यामुळे खोडाच्या सावलीत, शेवाळात दाणे उठले. दाणे पुसणारं नॉइज रिडक्शन वाढवलं तर शेवाळच पुसलं जातं, म्हणून ते कमीच ठेवलंय. सावल्यांचा निळाही थोडा राहू दिला. तिथे फक्त आकाशाचा उजेड पोचतो, त्या निळ्याच असतात. पूर्ण काढला तर उन्हातला बर्फ पिवळा पडतो.

तांबूस पाठ दिसायला लागली आहे. तीन पानांची, डावीकडच्या फांदीखाली.

उद्या आत्याला हा दाखवते.