निरीवरची रेघ

रविवार, ८ सप्टेंबर २०२४
समा, वडोदरा. रात्रीचे साडेदहा.

पाय ठणकताहेत, पण आज लिहिल्याशिवाय झोपायचं नाही. चपला नळाखाली धुऊन बाहेरच उभ्या करून ठेवल्यात. मिरवणूक तासाभराचीच झाली, पण रस्त्यावरचा चिखल दहा दिवसांचा.

आज मरियामातेचा जन्मदिवस. वसईला आई बोटांवर महिने मोजून दाखवायची. ८ डिसेंबरला संत आन्नाच्या पोटी राहिली, ८ सप्टेंबरला मांडीवर आली, झाले की नाही पुरे नऊ? मग त्याच आठवड्यात लोकलने वांद्र्याला, मोत माऊलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या जत्रेला. तिथे मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं मिळत. ज्याचं जे दुखतं ते त्याने वाहायचं. एका पावसाळ्यात आमचं छप्पर फार गळलं, तेव्हा आईने मेणाचं घर घेतलं होतं. लाल लुगड्याच्या ओच्यात धरून ती ते टेकडी चढून घेऊन गेली, गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून. ते इवलंसं घर गेले दहा दिवस सारखं डोळ्यांपुढे येतंय.

गोकुळाष्टमीला पाऊस सुरू झाला तो थांबेना. त्यात आजवा धरणाचं पाणी आलं आणि विश्वामित्री चढत गेली. धोक्याची खूण २५ फुटांची, आणि नदी ३५ च्याही वर. मंगळवारी आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खाली येऊन माझा हातच धरला. "वहिनी, सामान राहू द्या, आधी तुम्ही वर चला." दोन रात्री आम्ही त्यांच्या बाहेरच्या खोलीत काढल्या. वीज नाही, फोन बंद. खाली काळ्या पाण्यात काही हललं की सगळे दचकायचो, कारण आपल्या नदीत मगरी आहेत हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. वन खात्याची माणसं पुढे कितीतरी दिवस वस्त्यांतून मगरी उचलून नेत होती.

कागदपत्रं, औषधं, ह्यांचा चष्मा, सगळं वर नेलं होतं. रात्री दोनच्या सुमाराला मी ताडकन उठून बसले. मरियामातेची साडी!

कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यात होती. पांढरी रेशमी, निळ्या काठांची. आम्ही बायकांनी वर्गणी काढून घेतलेली, आणि सांभाळायला माझ्याकडे दिलेली. आमच्या देवळातली मिरवणुकीची मूर्ती वेलंकणीच्या मातेसारखी साडी नेसते. ती नेसवायचं काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. त्या रात्री मी रडले ती घरासाठी नाही. घराचं काय, पुसता येतं. दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेली वस्तू माझ्या हातून भिजली, ते सोसेना.

पाणी उतरल्यावर काकूंनी रिठे भिजवले. त्यांच्याकडे पैठण्या आहेत, त्यांना रेशीम कळतं. तीनदा थंड पाण्यातून काढली, सावलीत वाळवली, पातळ धोतर घालून इस्त्री केली. चिखलाचा वास गेला, काठ उजळले. पण पाणी जिथवर येऊन थांबलं होतं तिथे तपकिरी रेघ राहिली. बोटभर रुंद, सुताने ओढल्यासारखी. ती काही केल्या जाईना.

नोव्हेनाचा, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा, पहिला दिवस ३० ऑगस्ट. देवळात जेमतेम अकरा माणसं, आणि वीज नसल्यामुळे मेणबत्त्या. कुणाच्या अंगावर धड इस्त्रीचा कपडा नव्हता. तेव्हाच बोलणं निघालं, यंदा मिरवणूक नको. गल्ल्यांत चिखल, लोकांच्या घरात खायला नाही आणि आपण काय फुलं उधळायची? म्हणणाऱ्यांचं मी समजू शकते. पण मला ते पटलं नाही आणि मी ते उभी राहून बोलले. एरवी मी सभेत बोलत नाही. म्हटलं, बँड नको, रोषणाई नको, ते पैसे ज्यांचं सगळं वाहून गेलं त्यांना द्या. पण माउलीला ह्या गल्ल्यांतून न्यायलाच हवं. तिला आत कोरड्यात बसवून आपण नुसती प्रार्थना करायची, हे माझ्या जिवाला बरं वाटेना. शेवटी तसंच ठरलं.

आज दुपारी साडी नेसवायला घेतली. मूर्ती साडेतीन फुटांची, म्हणून साडी दुहेरी करून निऱ्या घालाव्या लागतात. मी ती रेघ आतल्या निरीत दडवत होते, पिना लावत होते. आमच्याकडे चरोतरच्या एक बा येतात. सत्तरीच्या, बसक्या घराच्या. त्यांची शिलाई मशीनसुद्धा गेली ह्या पुरात. त्या शेजारी बसून गजरा ओवत होत्या. त्यांनी हात पुढे केला, माझी पिन काढली आणि रेघेची निरी वर ओढून घेतली.

"एनाय घरमां पाणी आव्युं. देखावा दे ने."

तिच्याही घरात पाणी आलं, दिसू दे ना. मला काही बोलवेना. ती निरी मी सगळ्यात वर ठेवली.

आमचं देऊळच मातेच्या नावाचं, त्यामुळे रविवार असला तरी मिस्सा सणाची. शुभवर्तमान मत्तयचं, येशूच्या वंशावळीचं. नुसती नावं. त्यात रूथ आली की माझे कान टवकारतात. मवाबातली सून, सासूमागे परक्या गावात येऊन राहिलेली. मी बडोद्याला आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. अजूनही तोंडाने गुजराती "प्रणाम मारिया" म्हणते आणि मनात "नमो मरिये" चालू असतं.

पाचला निघालो. तमिळ मुलांनी पालखी खांद्यावर घेतली, पुढे पांढऱ्या फ्रॉकातल्या मुली झेंडूच्या पाकळ्या टाकत. बँड नव्हता म्हणून जपमाळ स्वच्छ ऐकू येत होती. रविवार म्हणून जपमाळेतली गौरवाची रहस्यं. दोन्ही बाजूंना फुगलेल्या गाद्या, दारं निखळलेली कपाटं, आडवे पाडलेले फ्रीज. एका दारात एक बाई वाकून अजून फरशी घासत होती. पालखी समोर आली तशी ती उठली, ओले हात पदराला पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि जोडले. आमच्यातली नव्हती ती. तिची नजर साडीवर गेली, मग स्वतःच्या भिंतीवर. भिंतीवर तीच रेघ होती, कमरेच्या उंचीला. पालखीवाले न सांगताच थांबले. आम्ही जपमाळेचं ते अख्खं दशक, दहाही मणी, तिच्या दारात पुरं केलं.

काकूंचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन आजच, पण त्यांनी आरती आमच्यासाठी थांबवली होती. मी तशीच चिखलाच्या पायांनी वर गेले. गच्चीवर बादलीत विसर्जन झालं. काकूंनी हातावर मोदक ठेवला आणि विचारलं, "रेघ दिसली का हो कुणाला?"

"सगळ्यांना," म्हटलं.

साडी आठवडाभर मूर्तीवरच राहणार आहे. घरी येऊन कपाट उघडलं तर खालच्या कप्प्याला अजून ओलसर वास आहे. वर्तमानपत्र पसरलं, चार कापराच्या वड्या टाकल्या आणि दार उघडंच ठेवलंय.